एन्कोडरशिवाय डीसी मोटरचा वेग सांभाळताना

सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना तासगाव भागातील एका बेदाणा शेडसाठी निवडणीचा छोटा पट्टा तयार करण्याचे काम आम्ही प्रकल्प म्हणून घेतले. पट्ट्यावर माल कमी असो वा जास्त, वेग एकसारखा राहिला पाहिजे, एवढीच मागणी होती. आम्ही १२ व्होल्टची, कार्बन ब्रशची डीसी मोटर घेतली आणि तिच्या शाफ्टवर वेग मोजण्यासाठी एन्कोडर, म्हणजे खाचांची चकती व ऑप्टिकल सेन्सर, बसवला. परंतु बेदाण्याचा चिकटा आणि शेडमधील धूळ यांमुळे त्या खाचा चार-पाच दिवसांतच बुजू लागल्या. सेन्सर काढूनच टाकता येईल का, या प्रश्नाचा शोध तेथून सुरू झाला.

फिरणारी डीसी मोटर त्याच वेळी जनित्राचेही काम करत असते, आणि तिच्यात निर्माण होणारे बॅक ईएमएफ (पुरवठ्याला विरोध करणारे व्होल्टेज) वेगाच्या थेट प्रमाणात असते. आमच्या मोटरच्या वाइंडिंगचा (तांब्याच्या वेटोळ्यांचा) रोध १.२ ओहम होता. भार नसताना १२ व्होल्टवर ती ०.५ अँपिअर घेई आणि मिनिटाला ३००० फेरे करी. रोधात खर्च होणारे ०.६ व्होल्ट वजा केले की बॅक ईएमएफ ११.४ व्होल्ट उरते, म्हणजे दर हजार फेऱ्यांमागे ३.८ व्होल्ट. हे आकडे कोड लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या मोटरसाठी स्वतः मोजावेत, असे मी आग्रहाने सांगेन. रोध मोजताना शाफ्ट घट्ट धरून, थोडा प्रवाह सोडून, शाफ्टच्या आठ-दहा वेगवेगळ्या स्थितींतील मापांची सरासरी घ्यावी. ब्रश आणि कम्युटेटर (ब्रशला घासत फिरणारा, वाइंडिंगला वीज पोहोचवणारा भाग) यांचा स्पर्श बदलत असल्याने नुसता मल्टीमीटर लावला तर दर वेळी निराळे उत्तर मिळते.

सुरुवातीला आम्ही प्रवाह मोजून त्यावरून बॅक ईएमएफचे गणित केले. थंड मोटरवर ते उत्तम जमले. तासाभराने मात्र वेग घसरू लागला, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. वाइंडिंग ६० अंशांनी तापले की १.२ ओहमचे जवळपास १.४८ ओहम होतात आणि २ अँपिअरवर वेगाचा अंदाज मिनिटाला सुमारे १५० फेऱ्यांनी चुकतो.

म्हणून आम्ही दुसरी रीत धरली: दर २० मिलिसेकंदांनी पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद करून मोटरला दिली जाणारी वीज) क्षणभर थांबवायचे आणि प्रवाह शून्यावर आल्यावर बॅक ईएमएफ थेट मोजायचे. माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली. मॉस्फेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद होताच मी माप घेत असे. परंतु त्या वेळी वाइंडिंगमधील प्रवाह फ्रीव्हीलिंग डायोडमधून (स्विच बंद झाल्यावर प्रवाहाला वाट देणाऱ्या डायोडमधून) वाहतच असतो आणि मॉस्फेटच्या ड्रेनवर, म्हणजे मोटरला जोडलेल्या टोकावर, पुरवठ्यापेक्षा सुमारे ०.७ व्होल्ट जास्त दिसतात. नियंत्रकाला त्याचा अर्थ मोटर थांबली आहे असा लागे आणि तो पूर्ण शक्ती सोडी. पट्ट्यावरील बेदाणे उधळले तेव्हा मी कोडमध्येच दोष शोधत बसलो होतो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) लावल्यावर तो डायोडचा टप्पा पाच मिनिटांत दिसला. भार वाढला की हा टप्पा लांबतो, त्यामुळे सर्वाधिक भार ठेवून तो मोजावा आणि त्यानंतरच थांबण्याचा अवधी ठरवावा. आम्ही १ मिलिसेकंद ठेवला आणि त्याच्या शेवटच्या भागात आठ मापे घेऊन सरासरी काढली, कारण कम्युटेटरमुळे व्होल्टेजवर लहान लहरी असतातच. मोटरचे एक टोक पुरवठ्याला जोडलेले असल्याने पुरवठ्याचे व्होल्टेजही त्याच वेळी मोजावे लागते. ते न मोजता १२ गृहीत धरले, तर बॅटरी उतरताना वेगाचा अंदाज चुकत जातो.

प्रवाहातील लहरी मोजूनही वेग काढता येतो. कम्युटेटरचे तीन भाग असलेल्या लहान मोटरमध्ये एका फेऱ्याला सहा लहरी येतात. आमच्या गोंगाटी प्रवाहात त्या नीट वेगळ्या होईनात, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

मिनिटाला ३०० फेऱ्यांखाली बॅक ईएमएफ जेमतेम १.१ व्होल्ट राहते आणि मापावर भरवसा ठेवता येत नाही. त्यावर कोडमध्ये उपाय शोधण्यात आमचे दोन आठवडे गेले. अखेरीस आम्ही गिअरबॉक्स बदलला, जेणेकरून पट्टा सर्वांत संथ असतानाही मोटर १००० फेऱ्यांच्या वरच राहील.