थर्मल स्कोप घेताना या चुका टाळा: कायोटी दिसणं वेगळं, ओळखणं वेगळं

टेक्सासच्या हिल कंट्रीत, शेळ्यांच्या एका रानाच्या कडेला, फेब्रुवारीतल्या रात्री मी ट्रायपॉडवर रायफल टेकवून बसलो होतो, रायफलवर थर्मल स्कोप, म्हणजे उबेवरून चित्र दाखवणारी दुर्बीण. इलेक्ट्रॉनिक कॉलरमधून, म्हणजे आवाज काढून प्राण्याला बोलावणाऱ्या यंत्रातून, जखमी सशाचं किंचाळणं चालू होतं. दहाएक मिनिटांत, वारा जिकडे वाहत होता त्या बाजूने एक पांढरा ठिपका सरकत आला. चार पाय, खाली घातलेलं डोकं, मागे शेपटीसारखं काहीतरी. माझा अंगठा सेफ्टीवर गेला. शेजारी बसलेले रानाचे मालक डोळ्याला आपली हातातली थर्मल दुर्बीण लावून होते. त्यांनी नुसतं माझ्या कोपराला धरलं. तो शेजारच्या रानातला ग्रेट पिरनीज होता, शेळ्या राखायला ठेवलेला भलामोठा पांढरा कुत्रा.

माझ्या स्कोपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१२०० मीटर’ छापलेलं होतं. कुत्रा तीनशे मीटरवरही नव्हता.

थर्मल स्कोप घेताना होणाऱ्या बहुतेक चुका याच गोंधळातून जन्मतात. ‘काहीतरी आहे’ हे कळणं म्हणजे ‘काय आहे’ हे कळणं नव्हे. पैसे मोजायचे ते दुसऱ्या गोष्टीसाठी, आणि जाहिरात असते पहिल्या गोष्टीची.

आधी एक खुलासा, कारण आपल्याकडे ‘कोल्हा’ म्हटलं की सगळं त्यातच येतं. कायोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्यापेक्षा बराच लहान, खांद्याशी साधारण ५५-६० सेंटिमीटर उंच. कोल्हेकुई मात्र अगदी ओळखीची वाटते. इथले शेळ्या-मेंढ्यांचे धनगर, म्हणजे रँचवाले, करडांच्या हंगामात त्याच्यामुळे रात्र रात्र जागे असतात. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने त्याची शिकार वर्षभर आणि रात्रीही करता येते. इतर राज्यांत तसंच असेल असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियात रात्रीच्या शिकारीचे नियम फार कडक आहेत, कॅन्ससमध्ये थर्मल वापरायला वेगळा परवाना लागतो. स्कोप मागवण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं त्या वर्षीचं नियमपत्रक वाचा.

खोक्यावरचा पल्ला बघून घेणं

तो १२०० किंवा १८०० मीटरचा आकडा खोटा नसतो. तो उभ्या माणसासाठी मोजलेला असतो, आणि पडद्यावर माणसाचे दोन-तीन पिक्सेल उमटले की ‘दिसला’ असं धरलेलं असतं. १९५०च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी जॉन जॉन्सन यांनी ही फूटपट्टी घालून दिली: असणं कळायला दोनेक पिक्सेल पुरतात, जात कळायला सहा-आठ लागतात, नेमकी ओळख पटायला बाराएक. आकडे ढोबळ आहेत, पण कामाचे आहेत.

आता हिशेब आपला आपण करू, दुकानदाराला विचारायला नको. सध्याच्या बहुतेक सेन्सरांत एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. १२ ला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे मिलिमीटरमधल्या आकड्याने भागा. जे येईल तेवढे सेंटिमीटर एक पिक्सेल १० मीटरवर व्यापतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला १० मीटरवर ०.३४ सेंटिमीटर येतात. (सरळ पाठ करा: ३५ च्या लेन्सला १०० मीटरवर एक पिक्सेल ३.४ सेंटिमीटर.) ३०० मीटरवर तो १० सेंटिमीटरचा होतो. म्हणजे ५५ सेंटिमीटरचा कायोटी जेमतेम साडेपाच पिक्सेल उंच. बारीक पाय त्यात विरून जातात. उरतो एक पांढरा लंबगोल. माझ्या स्कोपची लेन्स २५ ची होती, त्यात त्या पिरनीजचे मोजून पाच-सहा पिक्सेल पडले असतील. त्यातून त्याची दाट लोकर अंगाची ऊब आत कोंडून ठेवते, त्यामुळे धड फिकं आणि तोंड तेवढं लख्ख. हिवाळ्यातला कायोटीही डिट्टो असाच दिसतो.

६४० म्हणजे लांबचं दिसतं, हा समज

माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी या समजापायी जास्तीचे हजारभर डॉलर मोजलेत. ३८४×२८८ पिक्सेलांचा सेन्सर आणि ६४०×५१२ चा सेन्सर, दोन्ही १२ मायक्रॉनचे, दोन्हींपुढे ३५ चीच लेन्स: कायोटीवर दोघांचेही पिक्सेल सारखेच पडतात. एकही जास्त नाही. ६४० मध्ये जास्त मिळते ती रुंदी. १०० मीटरवर ३८४ चा स्कोप सुमारे १३ मीटर रुंदीचं रान दाखवतो, ६४० चा सुमारे २२ मीटर.

मग ६४० घेऊच नये का? घ्यावा, पण कशासाठी ते कळून. कायोटी कॉलरच्या आवाजावर सरळ येत नाही. तो वळसा घालून वास घेता येईल अशा बाजूला जातो, कधी जोडीने येतो, आणि पन्नास-साठ मीटरवर आला की खिडकीसारख्या अरुंद चित्रातून क्षणात निसटतो. तिथे रुंदी हवी. शिवाय रुंदी हातात असली की लेन्स मोठी घेता येते. ६४० ला ५० ची लेन्स लावली तर १०० मीटरवर १५ मीटर रुंदी शिल्लक राहते आणि ३०० मीटरवरच्या कायोटीचे आठ पिक्सेल मिळतात. तीच ५० ची लेन्स ३८४ ला लावली की समोर नळकांड्यातून बघितल्यासारखं होतं.

डिजिटल झूमचं मी एकच सांगतो. तो पिक्सेल मोठे करतो, वाढवत नाही. ६४० चा स्कोप दुप्पट झूमवर नेला की हातात ३२०×२५६ उरतात.

आपलं रान किती लांब दिसतं हे आधी दिवसा पावलांनी मोजून या. हिल कंट्रीत जुनिपर आणि ओकच्या गचपणात दीडशे मीटरपुढे बघायला जागाच नसते. तिथे ३८४ आणि २५ किंवा ३५ ची लेन्स भरपूर झाली. घराजवळच्या गोठ्यापुरतं काम असेल तर २५६ चाही चालतो, कोल्हा काकडीला राजी म्हणतात तसं. उत्तरेकडे, टेक्सासच्या टोकाला असलेल्या पॅनहँडलच्या सपाट मैदानात मात्र ५० च्या लेन्सचे पैसे वसूल होतात.

एनईटीडीच्या आकड्यांची शर्यत

एनईटीडी म्हणजे सेन्सरला कळणारा तापमानातला लहानात लहान फरक, मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात मोजलेला. पंचवीस मिलिकेल्विन, वीस, पंधरा, आता त्याहून कमी. आकडा जितका लहान तितका तापमानातला बारीक फरक सेन्सरला कळतो, हे खरं. पण तो आकडा बहुतेकदा सेन्सरचा असतो, पुढच्या लेन्सचा नाही. थर्मलच्या लेन्स सहसा जर्मेनियमच्या आणि महाग, म्हणून काटकसर तिथेच होते. लेन्सचा एफ-आकडा जितका लहान तितकी ऊब जास्त आत येते: एफ/१.० ची लेन्स एफ/१.२ पेक्षा जवळपास दीडपट, नेमकं १.४४ पट उष्णता सेन्सरपर्यंत पोचवते. एफ-आकडा छापलेला नसेल तर विचारा.

हा फरक कळतो तो दमट रात्री. ह्यूस्टनकडे, आखाताच्या किनाऱ्यालगत, धुकं उतरलं की चांगला स्कोपही दुधात बुडाल्यासारखा होतो. यंत्र बिघडलं म्हणून परत पाठवू नका. हवेतलं पाणी ऊब गिळतंय.

रीफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं, तेही तपासा. ५० हर्ट्झ असेल तर पळणारा कायोटी पळताना दिसतो, २५ वर तो उड्या मारत जातो.

रायफलवरच्या स्कोपने रान धुंडाळणं

ही चूक पैशांची नाही, म्हणून मी हिला सगळ्यांच्या वर ठेवतो. स्कोपमधून रान बघायचं म्हणजे भरलेली रायफल प्रत्येक उबदार ठिपक्यावर रोखायची. तो ठिपका वासरू असेल, शेजारी असेल, बॅटरी न घेता शेळ्या बघायला निघालेला मालकाचा नातू असेल. शोधायला हातातली थर्मल दुर्बीण वेगळी ठेवा, स्वस्तातली, छोट्या लेन्सची आणि रुंद चित्राची. बजेट एकच असेल तर मी म्हणेन की महागडा स्कोप सोडा, मध्यम स्कोप आणि साधी दुर्बीण अशी जोडी घ्या.

दुसरी गोष्ट थर्मल दाखवतच नाही: थंड वस्तू. मेस्कीट झाडाची निष्पर्ण फांदी, काटेरी तार, उंच वाळलं गवत हे सगळं आजूबाजूच्याच तापमानाचं असल्याने चित्रात मिसळून जातं. प्राणी स्वच्छ दिसतो, गोळी मात्र मधल्या फांदीवर आपटून भलतीकडे जाते. मागे टेकडी आहे की लांबवर कुणाचं घर, हेही नीट कळत नाही. अंतराचा अंदाज तर साफ फसतो, कारण चित्राला खोलीच नसते. शंभरावरचा ससा आणि तीनशेवरचा कायोटी सारखेच भासतात. लेझर रेंजफाइंडर असलेला स्कोप परवडत असेल तर पंधरा मिलिकेल्विनपेक्षा त्यावर खर्च करा. आणि बसायची जागा उजेडी बघून ठेवा, कुठल्या दिशेला गोळी सोडायचीच नाही ते तेव्हाच ठरवा.

नाचता येईना, अंगण वाकडं

घरी आणल्यावर ‘चित्रच धूसर आहे’ ही पहिली तक्रार. दहापैकी आठ वेळा कारण एकच: डायऑप्टर. आधी डोळ्याजवळची कडी फिरवून पडद्यावरचा मेनू, अक्षरं, रेटिकल (नेम धरायची खूण) धारदार करा, रानाकडे बघूच नका. ते झालं की मग पुढच्या लेन्सचा फोकस. उलट क्रमाने केलं तर रात्रभर फिरवत बसाल. गाडीच्या काचेआडून बघत असाल तर काहीच दिसणार नाही, कारण ही ऊब काचेतून आरपार जात नाही. काच खाली करा. रस्त्यावरून मात्र शिकार करायची नाही, टेक्सासमध्ये सार्वजनिक रस्त्यावरून ते बेकायदा आहे.

चित्रावर उभ्या रेघा किंवा डाग उठले तर लेन्सचं झाकण लावून कॅलिब्रेशनचं बटण दाबा. आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनमध्ये शटर ‘टिक’ करतं आणि चित्र क्षणभर गोठतं. कायोटी टप्प्यात आल्यावर नेमकं तेच होतं, म्हणून तेव्हा मॅन्युअलवर ठेवा. डाग तरीही जात नसेल तर स्कोप कधीतरी सूर्याकडे रोखला गेला होता का ते आठवा. त्याने सेन्सर कायमचा भाजू शकतो.

झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळीचा मारा जुळवताना, साधा कागदी निशाणा दिसतच नाही, हे नवख्यांना मैदानावर गेल्यावर कळतं. हात गरम ठेवायच्या पुड्या पुठ्ठ्यावर चिकटवा, किंवा ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून पुठ्ठा किंचित मागे कलता ठेवा. पट्टीत थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि ती काळी उठून दिसते. अनेक स्कोपांत झूम वाढवून झिरो केलं तर नेम सरकवायची पावलं बारीक पडतात. नंतर ‘झिरो हलला’ असं वाटलं तर माउंटचे स्क्रू तपासायच्या आधी मेनूत जा. चुकीचं प्रोफाइल, म्हणजे साठवलेली दुसरीच झिरोची जुळणी, निवडलेलं निघतं. माझं दोनदा निघालंय.

उन्हाळ्यात संध्याकाळी सगळं रान पांढरं दिसलं तर घाबरू नका. चुनखडीचे दगड दिवसभराची ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, आणि सूर्यास्तानंतर काही काळ प्राणी आणि जमीन एकाच तापमानाला येतात. मी पहिल्या उन्हाळ्यात एका दगडाला वीस मिनिटं कॉल दिला. पहाटे बघा, चित्र लख्ख असतं.

आपल्या लोकांच्या खास चुका

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एरवी मनाई आहे. राज्याचा चालू शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, म्हणून आधी परवाना, मग स्कोप, आणि शंका असेल तर वकील.

दुसरी चूक दरवर्षी डिसेंबरात फोनवरून येते. संगमनेरहून मेहुण्याचा आवाज: “दाजी, येताना तसली एक दुर्बीण घेऊन या ना. रात्री वीज येते, उसाला पाणी द्यायला जावं लागतं, बिबट्या कुठं बसलाय कळंना.” त्याची भीती खरी आहे, म्हणून नाही म्हणणं जड जातं. पण रायफलचा थर्मल स्कोप परवान्याशिवाय अमेरिकेबाहेर नेणं गुन्हा आहे आणि हातातल्या दुर्बिणींनाही निर्यातीचे नियम आहेत. बॅगेत कपड्यांखाली घालून न्यायची ही वस्तू नाही. तिकडे शिकारीचा प्रश्नच येत नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. त्याला फक्त बघायचं असतं. तेही मी त्याला समजावून सांगितलं: थर्मल पानाआरपार बघत नाही. उघड्या बांधावरचा बिबट्या लांबून दिसेल, पण उसाच्या चार ओळी आत बसलेला नाही. तो म्हणाला, “मग बांधावरचा तर मला बॅटरीनंबी दिसतो.”