निवृत्त ग्रेहाउंड घरी आणताना

ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियात राहून शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेणार असाल, तर आधी मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा गळपट्टा, घ्या. या कुत्र्याची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड असते. साध्या पट्ट्यातून तो मागे सरकून सहज निसटतो. आणि एकदा सुटला की ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, हाकेला थांबत नाही. कुंपण नसलेल्या जागी त्याला कधीही मोकळं सोडू नका.

त्याचं आयुष्य बहुतेक केनेलमध्येच, म्हणजे कुत्रे ठेवायच्या कोठड्यांमध्येच, गेलेलं असतं. जिना, काचेचं दार, सगळंच नवं. काच त्याच्या लक्षात यावी म्हणून तिच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवा. झोपेत अचानक हात लावला तर तो दचकून चावूही शकतो, म्हणून आधी नावाने हाक मारा. मुलांना हे नक्की शिकवा. घरात मांजर असेल तर मांजरासोबत पारखलेलाच कुत्रा मागा.

पशुवैद्य या जातीचा अनुभव असलेलाच शोधा, यात तडजोड नको. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट आणि थायरॉइडचं संप्रेरक कमी, हे नैसर्गिकच असतं. हे माहीत नसेल तर धडधाकट कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. काही भुलीची औषधंही त्याच्या शरीरातून फार सावकाश उतरतात.