बॅरल कापून घेण्याआधी: सप्रेसरसाठी आखूड रायफल निवडतानाची तयारी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर रेड डिअरचा रोर (नरांच्या डरकाळ्यांचा विणीचा हंगाम) मार्चअखेरीस सुरू होतो आणि एप्रिलभर चालतो. तेव्हा बॅरल आखूड करून सप्रेसर, म्हणजे बाराचा आवाज कमी करणारी नळी, लावायचा विचार असेल, तर डिसेंबर-जानेवारीतच तयारीला लागा. फेब्रुवारीनंतर गनस्मिथकडे गर्दी होते आणि घाईघाईत करून घेतलेलं काम पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर राहतं. कापलेलं बॅरल पुन्हा लांब होत नाही. म्हणून करवत या यादीत सगळ्यांत शेवटी येते.

सुरुवात टेपने करा. रायफल रिकामी आहे ना हे आधी डोळ्यांनी पाहा, मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून तपासा. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट लावा आणि क्लीनिंग रॉड बॅरलच्या तोंडाकडून हलकेच आत सोडा. तो बोल्टला टेकला की तोंडापाशी खूण करा आणि रॉड काढून मोजा. ही झाली बॅरलची खरी लांबी. थ्रेडचा, म्हणजे सप्रेसर फिरवून बसवायच्या आट्यांचा, भाग तीत धरतात, सप्रेसर धरत नाहीत. माझ्या ३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलीचं बॅरल २२ इंची होतं, म्हणजे ५५९ मिलिमीटर. दस्त्यापासून तोंडापर्यंत अख्खी रायफल साधारण १०७० मिलिमीटर भरायची आणि त्यावर १८० मिलिमीटरचा सप्रेसर चढला की १२५०. खांद्याला अडकवली की टोक डोक्याच्या बरंच वर जायचं. बीच झाडांच्या दाट रानात ओढ्याकाठी वाकून चालताना ते प्रत्येक फांदीत अडकायचं. मटागौरीच्या काट्यात एकदा शिरलं की रायफल मागे ओढून सोडवावी लागायची, आणि तेवढ्या आवाजाला हरण थांबत नाही.

हे नुसतं वाचू नका, करून बघा. बोल्ट काढून ठेवा, पूर्ण लांबीची रायफल सप्रेसरसकट खांद्याला लावा आणि घराच्या दारातून, गाडीत, बागेतल्या झाडाखालून चालून या. मग १८ इंचाच्या जागी रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, १६ इंचाच्या जागी दुसरी. कोणत्या पट्टीपाशी अडकायचं थांबतं ते अंगालाच कळतं.

दुसरा आकडा अंतराचा. गेल्या दोन-तीन हंगामांत आपण खरोखर किती मीटरवरून गोळी झाडली ते प्रामाणिकपणे लिहा. ‘मारता येईल’ ते अंतर नको, मारलेलं हवं. माझ्या वहीत सगळ्यांत लांबचा आकडा २१० होता आणि बहुतेक आकडे शंभराच्या आत होते. हे कळलं आणि निवड सोपी झाली. ३०८ मध्ये बॅरलचा एक इंच कमी केला की वेग साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद उतरतो. काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची चाचणी बॅरलचा असतो. १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीसाठी डब्यावर २८२० लिहिलं असेल तर १६ इंची बॅरलमधून २६०० ते २६५० च्या आसपास धरा. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मिळत असेल तर धरण्यापेक्षा मोजाच. एकाच लांबीच्या दोन बॅरलांतही फरक पडतो.

हा आकडा महत्त्वाचा आहे तो जनावराच्या बाजूने. शिकारीची गोळी लागल्यावर फुलली पाहिजे, आणि ती फुलायला ठरावीक वेग लागतो. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना तो १८०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास लागतो, तांब्याच्या अनेक गोळ्यांना त्याहून जास्त. उत्पादक तो आकडा देतात, तो शोधून वहीत टिपा. आखूड बॅरलमुळे दोनशेच्या आसपास फूट गेले, तर तीच गोळी त्या मर्यादेखाली सत्तर-ऐंशी मीटर अलीकडेच येते. झाडीत ८० मीटरवर उभ्या हरणाला याचा काही फरक पडत नाही. पण मोकळ्या खोऱ्यात ३५० मीटरवरून मारण्याची सवय असेल तर पडतो. गोळी न फुलता आरपार गेली तर जखमी हरण रात्रभर फिरत राहतं. हे टाळणं आपलं काम आहे आणि इथे तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे. तांब्याची गोळी आणि आखूड बॅरल अशी जोडी करायची असेल तर हलक्या वजनाची, वेगाने सुटणारी गोळी निवडा.

अचूकतेची काळजी मात्र सोडा. बॅरल आखूड झालं म्हणून नेम बिघडत नाही. त्याच जाडीचं आखूड बॅरल उलट जास्त ताठ असतं, आणि सप्रेसरचं वजन टोकाला लटकणार असेल तर तो ताठपणा उपयोगाचाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा टीव्हीवर आपण सगळ्यांनी ती लांबलचक रायफल पाहिली. तिथली लांबी रेंजवरच्या नेमबाजाला हवी असते, काटेरी झाडीतून वाकून चालणाऱ्याला नाही. काडतुसातल्या दारूचंही तसंच. आखूड बॅरलला ‘जलद जळणारी दारू हवी’ असं पुष्कळ जण सांगतात, पण लांब बॅरलमध्ये जी सर्वाधिक वेग देते तीच साधारणपणे आखूडमध्येही देते. काडतुसं बदलायची घाई नको.

आता कॅलिबर, म्हणजे काडतुसाचा प्रकार. ३०८ आणि ७ एमएम-०८ ला १६ ते १८ इंचाचं बॅरल मानवतं, ६.५ क्रीडमूरला मी १८ च्या खाली जाणार नाही. मॅग्नम काडतुसांना आखूड करायचा मोह टाळा. एवढी दारू भरून तिचा वेगच बाहेर काढता येत नसेल, तर ती ज्वाळा आणि दाब होऊन सप्रेसरच्या पहिल्या बॅफलवर (वायू अडवणाऱ्या आतल्या पडद्यावर) आदळते. ३०० ब्लॅकआउटची गोष्ट वेगळी. ते काडतूसच आखूड बॅरल आणि सप्रेसर डोळ्यांपुढे ठेवून बनवलंय. पण त्याचा पल्ला छोटा आहे, आणि ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या त्याच्या जड गोळ्यांना जलद ट्विस्ट (बॅरलमधल्या खाचांचा पीळ) लागतो, १:८ किंवा १:७, म्हणजे आठ किंवा सात इंचांत एक फेरा. त्या गोळ्यांनी मोठं हरण मारायला निघू नका.

सप्रेसर निवडताना दोन प्रकार दिसतील. एक तोंडापुढे बसणारा, तो सगळी लांबी पुढे वाढवतो. दुसरा बॅरलवर मागे सरकून बसणारा, त्याचा अर्धा भाग मागे जातो, पुढे कमी दिसतो आणि तोल बरा राहतो. दुसरा घ्यायचा असेल तर बॅरल कापण्याआधी फोरएंडपासून (दस्त्याच्या बॅरलखालच्या पुढच्या टोकापासून) नव्या तोंडापर्यंत किती जागा उरेल ते मोजा आणि तेवढ्या पट्ट्यात बॅरलचा सगळ्यांत जाड व्यास किती आहे ते कॅलिपरने पाहा. फोरएंडला धडकणारा सप्रेसर घट्ट बसतच नाही. प्रत्येक सप्रेसरला त्या-त्या कॅलिबरसाठी किमान बॅरलची लांबी उत्पादकाने ठरवून दिलेली असते. तो आकडा १८ असेल तर १६ कापून नशिबावर सोडू नका. आखूड बॅरलच्या तोंडाशी दाब जास्त असतो आणि न जळलेले दारूचे कण वाळूसारखे पहिल्या बॅफलला घासतात. अशा बॅरलला पूर्ण ॲल्युमिनियमचा सप्रेसर नको, निदान पहिला बॅफल स्टीलचा किंवा टायटॅनियमचा असावा.

थ्रेडसाठी तोंडापाशी पुरेसं पोलाद उरलं पाहिजे. ३०८ ला १/२-२८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे) थ्रेड कापला तर भिंत पातळ होते. त्यासाठी ५/८-२४ किंवा एम१४ बरा, आणि थ्रेडमागे सप्रेसर टेकायला चौरस खांदा हवा. कारखान्याची बारीक बॅरल तोंडाशी निमुळती असतात, ती मागून कापली की आपोआप जाड भाग मिळतो. आखूड करण्याचा हा एक फायदाच. गनस्मिथला एकच प्रश्न विचारा: थ्रेड बॅरलच्या बाहेरच्या बाजूवरून सेंटर करणार की आतल्या भोकावरून? उत्तर आतल्या भोकावरून असंच हवं. बॅरलची बाहेरची बाजू आणि आतलं भोक नेहमी एकाच अक्षावर नसतात.

हे मी सांगतो कारण माझी दुसरी रायफल जुनी, थ्रेड आधीच कापलेली घेतली होती. दिसायला काम स्वच्छ होतं. अलाइनमेंट रॉड म्हणजे भोकात अगदी नेमका बसणारा सरळ पोलादी गज. तो आत सरकवला, सप्रेसर फिरवून बसवला आणि खिडकीकडे तोंड करून पुढून पाहिलं. गजाभोवती सगळीकडे सारखी काळी फट दिसायला हवी होती. डाव्या बाजूला कागद सरकेल एवढीच जागा होती, उजव्या बाजूला चंद्रकोरीएवढी. एक गोळी झाडली असती तर ती बॅफलला घासून सप्रेसर फाटला असता, आणि गोळी कुठे गेली असती हे कोण सांगणार? बॅरल दोन इंच मागे कापून थ्रेड नव्याने घातला, तेव्हा फट चारही बाजूंनी सारखी आली. रॉडचा खर्च एका सप्रेसरपुढे काहीच नाही. तो विकत घ्या, आणि प्रत्येक नव्या जोडणीला वापरा.

कायद्याचं पान वेगळं ठेवा. इथे न्यूझीलंडमध्ये सप्रेसर लावायला वेगळी परवानगी लागत नाही, पण एकूण ७६२ मिलिमीटरपेक्षा कमी लांबीची बंदूक कायद्याने पिस्तूल ठरते. साध्या लाकडी दस्त्याच्या १८ इंची रायफलीला ती भीती नाही. घडीच्या दस्त्याची चॅसी (रायफल बसवायचा सांगाडा) असेल तर मात्र घडी घालून, सप्रेसर उतरवून मोजा. १६ इंची बॅरलवरही तो आकडा खाली जाऊ शकतो. जून २०२३ पासून बंदुकांची नोंदवही सुरू आहे, तेव्हा काम करण्याआधी नोंदीत काही बदलावं लागेल का ते विचारून घ्या. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी १६ इंच बॅरल आणि २६ इंच एकूण लांबी हे दोन आकडे पाठच करावेत. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झालाय, अर्ज आणि नोंदणी तशीच आहे. भारतात यातलं काहीही लागू नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. गावाकडच्या भावाला फोटो पाठवताना हेही सांगा.

कानाची तयारी विसरू नका. ३०८ चा बार सप्रेसरशिवाय १६० डेसिबलच्या वर जातो. सप्रेसर त्यातले पंचवीस-तीस उतरवतो आणि आखूड बॅरल थोडे परत चढवतं. म्हणजे कानाशी आकडा १४० च्या आसपास राहतो, आणि तीच कान कायमचा दुखावण्याची सीमा मानतात. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, तो तडाखा सप्रेसर थांबवू शकत नाही. रेंजवर इअरमफ घालाच.

बॅरल हातात आलं की रेंजवर निदान चाळीस काडतुसांचा दिवस राखा. झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवणं, सप्रेसर लावूनच करा, मग तो काढून तीन गोळ्या झाडा आणि नेम कुठे सरकतो ते कागदावर पाहून दस्त्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. दर पाच गोळ्यांनी सप्रेसर घट्ट आहे ना ते हाताने पाहा, तापला असेल तर हातमोजा घालून. तापल्यावर त्याच्यावरून उठणारी हवा दुर्बिणीत लक्ष्य थरथरवते, तेव्हा थांबा, थंड होऊ द्या.

आणि रानातून परत आल्यावर, कितीही दमला असलात तरी, सप्रेसर त्याच रात्री उतरवा. बॅरलवर मागे सरकणाऱ्या प्रकारात दव आणि दारूची काजळी आत अडकते आणि आठवड्यात तांबूस गंज धरते. थ्रेड पुसून तेलाचा हात फिरवा, सप्रेसर फडक्यावर तोंड खाली करून उभा ठेवा आणि सकाळी कोरडा झाला की मगच तिजोरीत बंद करा.