खाडीच्या मुखाशी काठावरून बास आणि बोय हे मासे कसे पकडायचे

आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, रॉड नंतर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त असते आणि बास हा शिकारी मासा भरतीबरोबर चिंचोळ्या चरांमधून आत येतो, कारण चिखलातले खेकडे, कोलंबी तेव्हाच बाहेर पडतात. त्यामुळे लांब फेकायची हौस नको, बरेचदा मासा पायाशीच गुडघाभर पाण्यात फिरत असतो आणि आपण मात्र त्याच्या डोक्यावरून पलीकडे गळ टाकत बसतो. पहाट किंवा संध्याकाळ बेस्ट. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा आमिषाला मिळाला तर दुसरं काही शोधू नका.

बोय म्हणजे वेगळंच प्रकरण! चिखलावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा, तोंड एकदम नाजूक, म्हणून ८ किंवा १० नंबरचा बारीक गळ, हलका फ्लोट (दोरीवरचा तरंगता तुकडा) आणि पावाचा मऊ गोळा. आधी पाव भिजवून, कुस्करून पाण्यात सोडत राहा, मासे ओठ वर काढून चोखायला लागले की मगच गळ टाका. फ्लोट जरासा थरथरला की लगेच हिसका देऊ नका, तो नीट बुडू द्या, नाहीतर ओठ फाटून मासा जातो, मी असे किती घालवलेत विचारू नका.

आणि मागे बघत राहा, भरतीत आपल्या पाठीमागचा चर आधी भरतो आणि परतीची वाट बंद होते.