चाळिशीनंतर काखेतून घामाच्या धारा? या चुका टाळा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं कपाट उघडलं की त्याच्या घामाचा अंदाज येतो. आकाशी आणि फिकट राखाडी शर्ट मागे गेलेले असतात, कारण ओला डाग या रंगांवर सर्वांत उठून दिसतो. पुढे पांढरे, काळे, गडद निळे. बायकांचे फिकट रेशमी ब्लाऊज लग्नसराईतही घडी मोडत नाहीत. असा बंदोबस्त लोक वर्षानुवर्षं करतात, पण डॉक्टरांसमोर काखेचं नाव काढायचं म्हटलं की जीभ अडखळते.

‘मुंबईत राहतो, घाम येणारच’ हे ठरलेलं उत्तर. ते निम्मं खरंही आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो जास्त जाणवतो. मे महिन्यात नागपूरला गेलात तर कदाचित जास्तच घाम निघेल, पण कोरड्या हवेत तो तिथल्या तिथे उडून जाईल. मात्र एसीत बसून मेल वाचताना किंवा पहाटे पंख्याखाली पेपर चाळताना काखेतून ओघळ येत असतील, तर हवेवर ढकलून भागत नाही.

सकाळी आंघोळ, अंग पुसलं न पुसलं की डिओ

सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज सुधारता येणारी चूक हीच. डिओडरंट घाम थांबवत नाही. ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींमधून येणारा थोडा दाटसर स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात आणि त्यातून वास तयार होतो. डिओ त्या जीवाणूंना आवरतो किंवा वासावर सुगंधाची चादर घालतो. शर्ट जेवढा ओला व्हायचा तेवढा होतोच. आपल्याकडे दुकानात मिळणारे कितीतरी फवारे तर निव्वळ सुगंधाचे असतात.

घाम कमी करायचा तर अँटीपर्स्पिरंट लागतं. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट, अ‍ॅल्युमिनियम झिर्कोनियम किंवा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड यांपैकी काही दिसलं तरच ते घामाचं औषध. हे क्षार घामग्रंथीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच तयार करतात. बूच बसायला त्वचा कोरडी हवी आणि घाम कमी वाहत असायला हवा. सकाळी आंघोळीनंतर घाईत, दमट काखेत लावलेलं रोल-ऑन नऊच्या लोकलपर्यंत घामाबरोबर वाहून जातं, आणि मग माणूस म्हणतो, ‘सगळे ब्रँड वापरून झाले, काही उपयोग नाही.’

वेळ बदला, ब्रँड नको. रात्री झोपण्यापूर्वी काख धुऊन पूर्ण कोरडी करा, पंख्याखाली थोडा वेळ बसा आणि मग पातळ थर लावा. सकाळी आंघोळीत ते धुऊन टाकलं तरी चालतं, रात्रीत बूच बसलेलं असतं. सुरुवातीला रोज रात्री लावा. फरक पडू लागला की आठवड्यातून एकदोनदा पुरतं. एका रात्रीत चमत्कार होत नाही, आठवडा तरी द्यावा लागतो. सकाळी सुगंधासाठी डिओ मारायचा असेल तर खुशाल मारा.

साध्या रोल-ऑनने भागलं नाही तर डॉक्टर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं जास्त तीव्रतेचं द्रावण देतात, बहुधा १० ते २० टक्क्यांचं. ते लावल्यावर आग होते ही हमखास तक्रार. त्याचं कारण बहुतेक वेळा ओलावाच असतो, कारण हे द्रव्य पाण्याशी मिसळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ओलसर काखेत लावलं की झोंबणारच. वस्तरा फिरवल्यावर किंवा वॅक्सिंग केल्यावर त्याच रात्री लावलं तर विचारूच नका, एकदोन दिवस जाऊ द्या.

‘घाम अडवला तर शरीरातली घाण कुठे जाईल?’ ही भीती अनेकांना असते. शरीरावर काही दशलक्ष घामग्रंथी आहेत, काखेत त्यातला लहानसा भाग. विषारी द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. अशा उत्पादनांमुळे स्तनाचा कर्करोग होतो याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. गंमत म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भीतीने रोल-ऑन सोडून जे लोक तुरटीकडे वळतात, ते पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच लावत असतात, कारण तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. काखेच्या वासासाठी तुरटी उत्तमच आहे, धारा थांबवायला मात्र ती सहसा अपुरी पडते.

दोन खबरदाऱ्या खऱ्या आहेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही उत्पादनं डॉक्टरांना विचारूनच लावावीत. आणि मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) दिवशी काखेत किंवा छातीवर डिओ, रोल-ऑन, पावडर यातलं काहीही नको. त्यातले कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात, कर्करोगाची शंका आणणाऱ्या कॅल्शियमच्या साठ्यांसारखे भासतात आणि विनाकारण धास्ती बसते.

‘वयाचाच भाग’ म्हणून सोडून देणं

काखेच्या घामाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात, आणि तुमचा कोणता हे ओळखायला पहिला प्रश्न एकच: हे सुरू कधी झालं?

कॉलेजात असल्यापासून, दोन्ही काखांत सारखाच, झोपेत अजिबात नाही आणि वडिलांना किंवा आत्यालाही तसाच, असं असेल तर तो बहुधा जन्मजात कल आहे. त्यात ग्रंथी निरोगी असतात, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा जरा जास्तच उत्साही असतात. हा प्रकार साधारणपणे पंचविशीच्या आत सुरू होतो. तो धोकादायक नाही, मात्र त्रासदायक आहे आणि त्यावर उपचार आहेत. वीस वर्षं सोसलं म्हणून पुढची वीस सोसायलाच हवीत असं काही नाही.

घाम पंचेचाळिशीत नव्याने सुरू झाला असेल, एकाच बाजूला येत असेल, अंगभर येत असेल किंवा रात्री उशी-चादर भिजत असेल, तर रोल-ऑन बाजूला ठेवा आणि आधी कारण शोधा.

बायकांमध्ये पहिला संशय रजोनिवृत्तीचा. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, पण त्याच्या काही वर्षं आधीपासूनच गरम वाफा सुरू होऊ शकतात. छातीतून उष्णतेची लाट उठते, मानेवर आणि चेहऱ्यावर चढते, काही मिनिटं घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. इस्ट्रोजेन घटल्याने मेंदूतलं तापमानाचं केंद्र हळवं होतं आणि किरकोळ वाढीलाही ‘गरम झालं’ समजतं. अशा वेळी काखेत काहीही लावून उपयोग नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं. संप्रेरकांचे आणि संप्रेरकांशिवायचे, दोन्ही उपचार आहेत. ‘आमच्या आईने नाही केली कुरकुर’ हे ऐकून गप्प बसू नका. आईनेही सोसलं असेल, फक्त सांगितलं नसेल.

मग थायरॉइड. ग्रंथी जास्त काम करू लागली की घाम, छातीत धडधड, हातांना कंप आणि भूक असूनही वजन उतरणं, असा संच दिसतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक दरदरून घाम, थरथर आणि कासावीस होणं म्हणजे साखर खाली गेल्याची खूण असू शकते. तिथे आधी साखर मोजायची आणि कमी असेल तर लगेच गोड काहीतरी घ्यायचं. गंमत नाही ती.

औषधांकडे फारसं कुणी पाहत नाही. नैराश्यावरच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांनी घाम वाढतो. चाळिशीनंतर घरोघरी गोळ्यांचा डबा भरत जातो. घाम वाढला त्याच सुमारास कोणती नवी गोळी सुरू झाली, हे आठवून पाहा. मात्र ती परस्पर बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

रात्रीचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, वजन कमी होणं आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी टाळू नका. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. मानेत किंवा काखेत गाठ लागत असेल तर तीही दाखवा. आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि अंगाला गार घाम असं एकत्र आलं, तर हा लेख वाचत बसू नका. थेट इस्पितळ गाठा.

काळेपणा घासत बसणं

घामाबरोबर काखेचा काळेपणा वाढला की लोक त्याला मळ समजतात आणि घासणी, दगड, लिंबू, खायचा सोडा अशी मोहीम सुरू होते. जाडसर, मखमलीसारखी काळी त्वचा, तशीच मानेमागेही असेल, तर ती बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. मळ नाही, म्हणून ती कितीही घासली तरी निघत नाही, उलट सोलवटून आणखी काळी पडते. साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्या आणि वजनाकडे पाहा. इंटरनेटवरच्या ‘सात दिवसांत गोरी काख’वाल्यांना हे ठाऊक नसतं, किंवा असलं तरी त्यांचा साबण विकायचा असतो.

लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. सोडा त्वचेचा आम्लपणा बिघडवतो. सगळ्यांत वाईट म्हणजे केमिस्टकडून न विचारता आणलेली, खाजेवर ‘सगळ्यांना चालते’ ती ट्यूब. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइडही असतं. चार दिवस खाज थांबते, मग बुरशी वेष बदलून पसरते आणि काखेची पातळ त्वचा ताणून कायमचे चरे उमटतात. पुन्हापुन्हा गळवं येत असतील, ती फुटून वाहत असतील किंवा व्रण राहत असतील, तर तो घामाचा त्रास नाही. वेगळा आजार असू शकतो आणि तो लवकर दाखवलेला बरा.

कपड्यांच्या काही चुका

पिवळे डाग पडले की क्लोरीनचं ब्लीच ओतलं जातं. त्याने डाग बऱ्याचदा अधिकच गडद होतात. हे डाग घाम आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाचे असतात, म्हणून रोल-ऑन सुकल्यावरच कपडा घाला आणि डाग वाळण्याआधी कपडा भिजवा. इस्त्रीने तो पक्का बसतो. घामाचा वास पॉलिस्टरला सुतीपेक्षा जास्त चिकटतो, धुतलेला शर्ट अंगात घातल्यावर तासाभरात पुन्हा वास येतो तो त्यामुळे. आतून सुती बनियन घाला, मात्र बाह्यांचं. काख उघडी टाकणाऱ्या गंजीचा इथे उपयोग नाही. ब्लाऊज शिवताना शिंप्याला मुंढ्यात आतून सुती कापडाची जोड लावायला सांगा. तो नाक मुरडेल, पण लावेल. मुंढा फार आवळू देऊ नका.

आणि घाम कमी यावा म्हणून पाणी कमी पिऊ नका. घाम तसाच येतो, वर डोकं दुखतं.

थेट टोकाच्या उपायाला हात घालणं

रात्रीचं रोल-ऑन नीट वापरूनही उपयोग झाला नाही, तर पुढचं पाऊल त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने टाका. घाम आटवणाऱ्या ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या काम करतात, पण त्या काखेपुरत्या थांबत नाहीत. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. पन्नाशीतल्या पुरुषाला प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालतच नाहीत. शिवाय मे महिन्यात चंद्रपुरात उन्हात काम करणाऱ्याला घामच आला नाही, तर शरीर थंड कसं होणार? अशांना उष्माघाताचा धोका असतो.

बोटॉक्सचं नाव ऐकलं की लोकांना सुरकुत्या आठवतात. काखेच्या घामासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्येच मान्यता मिळाली. प्रत्येक काखेत साधारण ५० युनिट बारीक सुईने अनेक ठिकाणी टोचतात. आठवड्याभरात फरक जाणवतो आणि तो बऱ्याच जणांना सहा महिने किंवा जास्त टिकतो. खर्च हजारांत जातो आणि तो पुन्हा करावा लागतो, हे आधीच लक्षात घ्या. सूक्ष्मलहरींनी ग्रंथी कायमच्या नष्ट करण्याचं यंत्रही आहे, पण ते सगळीकडे मिळत नाही.

छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया मात्र काखेसाठी अगदी शेवटी. ती मुख्यतः तळहातांच्या घामासाठी वापरतात. नंतर पाठ, पोट आणि मांड्यांवर घाम वाढतो, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं आणि ते परत फिरवता येत नाही. जाहिरात पाहून हिचा विचार करू नका.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचा डबा बरोबर न्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्या पुड्यांसकट. घाम कधीपासून, एका काखेत की दोन्हींत, झोपेत येतो का, आणि त्यापायी तुम्ही काय टाळता, हे लिहून ठेवा. कुठे किती घाम येतो हे पाहण्यासाठी काही डॉक्टर काखेला आयोडिन लावून वर पिठाची पूड टाकतात, घामाच्या जागी ती निळी-काळी होते. ही चाचणी होणार असेल तर रोल-ऑन किती दिवस आधी थांबवायचं ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आदल्या रात्री लावून गेलात तर काख कोरडी दिसेल आणि तुमचं म्हणणं पटवायला पुन्हा एक खेप घालावी लागेल.