अक्काची मचूळ विहीर आणि सुत्रा

अक्काला कारवारात दिलंय, सदाशिवगडच्या बाजूला. तिच्या माडांच्या बागेतली विहीर एप्रिल लागला की मचूळ होते. "गावभर बोअरचे पॉइंट दाखवत फिरतोस, आमचं पाणी बघायला तेवढी सवड नाही," हे ऐकून ऐकून शेवटी मी बेळगावहून निघालो आणि अणशी घाट उतरलो. दोरीला बाटली बांधून आधी वरचं पाणी काढलं, मग तळाचं. वरच्याचा चहा झाला असता. तळाचं जिभेला लावलं तर मीठच. दाजी म्हणाले, "विहीर एक आणि पाणी दोन?"

गोड्या पाण्याखाली समुद्राचं खारं पाणी कसं शिरतं, तेच कॉम्प्युटरवर कसं मांडायचं ते सांगतो. सिव्हिलवाल्या किंवा भूगर्भवाल्या पोरांना जमेल; साधं भूजल मॉडेल एकदा तरी केलेलं असावं.

कॉम्प्युटर लावण्याआधी एक ग्लास घ्या. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून अर्धा ग्लास भरा. मग गोड्या पाण्यात नीळ कालवून चमच्याच्या पाठीवरून हळूच वर सोडा. निळं वरच राहतं. गोडं पाणी घनमीटरला १००० किलो, समुद्राचं सुमारे १०२५. फरक २५ चा, आणि हजाराला पंचविसानं भागलं की ४०. म्हणून किनाऱ्यालगत गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा अर्धा मीटर वर असेल, तर खाली साधारण २० मीटरपर्यंत गोडं पाणी सापडावं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं ओळखला जाणारा हा हिशेब पाणी थांबलेलं आणि सीमारेषा धारदार धरतो. प्रत्यक्षात पाणी वाहतं, मिसळतं, वरून पंप चालतो. मॉडेल लागतं ते त्यासाठी.

मी सुत्रा वापरतो, जमिनीतलं पाणी आणि त्यातला क्षार कसा सरकतो ते काढणारा प्रोग्रॅम. नाव आपलं वाटतं, पण ती इंग्रजी शब्दांची जुळवाजुळव आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यासाठी क्लिफर्ड वॉस यांनी १९८४ साली हा प्रोग्रॅम लिहिला. फुकट मिळतो, आणि त्याच खात्याचं मॉडेलम्यूज घेतलं की जाळी माऊसनं काढता येते.

पहिल्याच दिवशी आपली विहीर घालू नका. हेन्रीची पेटी करा, म्हणजे असे प्रोग्रॅम तपासायचं ठरलेलं उदाहरण: २ मीटर लांब, १ मीटर उंच उभा छेद, १० सेंटिमीटरचे चौकोन. डावीकडून गोडं पाणी, उजवीकडे समुद्र. सच्छिद्रता, म्हणजे वाळूतल्या पोकळीचा वाटा, ०.३५. क्षार सुत्रात किलोला किलो लागतो, म्हणजे किलोभर खाऱ्या पाण्यात किती किलो, म्हणून समुद्रासाठी ०.०३५७. क्षारामागे घनता किती वाढते त्याचा आकडा ७००. गुणाकार केला की २४.९९, म्हणजे आपले २५ आले. गुरुत्वाकर्षण उभ्या दिशेला उणे ९.८१. ते उणे चिन्ह विसरलात तर समुद्र छताला चिकटतो. हसू नका, मी पाहिलंय.

आणखी एक खड्डा: सुत्राला पाण्याचा वेग नको, पारगम्यता हवी, म्हणजे जमीन स्वतः किती झिरपू देते ते, तीही चौरस मीटरमध्ये. दिवसाला १० मीटरवाल्या वाळूसाठी दशांशचिन्हानंतर दहा शून्यं आणि मग १२. सेकंदाचा वेग तसाच टाकलात तर जमीन एक कोटी पटीनं झिरपरी होते, आणि प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही.

आता माझी खरी फजिती. पेटी जमली म्हणून थेट अक्काचा ३० मीटर खोल छेद घातला. समुद्राच्या बाजूला दाब भरताना सवयीनं १००० गुणिले ९.८१ गुणिले खोली केलं. तळाला २,९४,३०० पास्कल. रन झाला, चित्र स्वच्छ, गोड्या पाण्याखाली घुसणारी खारी पाचर कुठेच नाही! अक्काला फोन करणार होतो की विहिरीचं खापर समुद्रावर फोडू नका म्हणून. निघता निघता ७०० च्या जागी शून्य टाकून, म्हणजे घनतेचा परिणाम बंद करून, पुन्हा चालवलं. चित्र तंतोतंत तेच. तिथे पाल चुकचुकली. समुद्राचा दाब १०२५ नं काढायला हवा होता: ३,०१,६५८. फरक सात हजारांवर, म्हणजे गोड्या पाण्याचे ७५ सेंटिमीटर. तेवढा जोर मी समुद्राकडून काढूनच घेतला होता.

तेव्हापासून प्रत्येक रन मी दोनदा करतो, ७०० नं आणि शून्यानं. हेन्रीच्या मूळ पेटीतही ही दोन चित्रं बरीच जवळ येतात, कारण तिथे विसरण, म्हणजे क्षाराचं पसरून मिसळणं, फार मोठं आणि गोड्या पाण्याचा लोट जोरकस आहे. २००४ मध्ये सिम्पसन आणि क्लेमेंट यांनी तो लोट निम्मा करायला सुचवलं. तसा केलात की फरक ठळक होतो. मी शिकाऊ पोरांना निम्म्याचीच पेटी देतो.

सुरुवातीचा दाब हातानं भरू नका. सगळीकडे गोडं पाणी धरून आधी एक स्थिर रन काढा, त्यातून आलेला दाब सुरुवात म्हणून द्या, मग क्षार सोडा. चौकोनाची लांबी विसरणासाठी मॉडेलला दिलेल्या लांबीच्या चौपटीपेक्षा मोठी नको, नाहीतर क्षाराचे आकडे शून्याखाली जाऊन नाचतात.

चिकोडी-अथणीकडचे ऊसवाले विचारतात, आमच्या चोपण जमिनीला हे लावता का? लिटरला ३ ग्रॅम क्षार म्हणजे घनमीटरला दोनेक किलो जास्त. तिथे बहुतेक वेळा घनतेचा फरक न धरणारं साधं मॉडेल पुरतं. प्रश्न निचऱ्याचा असतो. शिवाय आपल्या काळ्या दगडात पाणी भेगांतून धावतं, त्याला वाळूचं गणित लावताना हात आखडता घ्यावा.

पंपाचं राहिलं. उभ्या छेदात घातलेली विहीर ही गोल विहीर नसून किनाऱ्याला समांतर चर होते, आणि पंपाखाली वर चढणारा खाऱ्या पाण्याचा शंकू खोटा येतो. त्यासाठी विहीर मध्यावर धरून वेगळा छेद करा आणि प्रत्येक बिंदूची जाडी एक मीटर न ठेवता २ गुणिले π (३.१४) गुणिले विहिरीपासूनचं अंतर एवढी द्या. अक्काच्या विहिरीचा शंकू मला असाच दिसला. फूट व्हॉल्व्ह दीड मीटर वर घ्यायला लावला आणि सलग तीन तासांऐवजी सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास पंप. दाजींना संध्याकाळची पाळी अजून जिवावर येते.