एका शेअर्ड होस्टिंगवर चार-पाच डोमेन: सगळ्यांची एसएसएल सर्टिफिकेट कशी सांभाळायची

दुकानाची साइट, भावाच्या क्लासची, गणेश मंडळाची, अशी चार-पाच डोमेन एकाच शेअर्ड होस्टिंगवर असली तरी प्रत्येकासाठी एसएसएल सर्टिफिकेट (साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं प्रमाणपत्र) विकत घ्यावं लागत नाही. पूर्वी त्यासाठी स्वतंत्र आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) लागायचा. एसएनआय (कोणती साइट हवी ते ब्राउझरने सर्व्हरला आधीच सांगण्याची सोय) आल्यापासून एकाच आयपीवर कितीही सर्टिफिकेट चालतात. होस्टिंगला सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असेल आणि कंपनीने त्यातली ऑटोएसएसएल ही सोय चालू ठेवली असेल, तर ती फुकट निघतात आणि मुदत संपण्याआधी आपोआप नवी होतात. तरीही ब्राउझर मध्येच ‘नॉट सिक्युअर’ म्हणू लागला, तर गडबड बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरवर जायचं ते सांगणाऱ्या नोंदींमध्ये, असते. त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

आधी नावं तपासा

प्रत्येक डोमेन, त्याचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू रूप आणि सबडोमेन कागदावर लिहून काढा. सीपॅनेलच्या मुख्य पानावर ‘शेअर्ड आयपी अ‍ॅड्रेस’ दिसतो. प्रत्येक नावाचा ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी डीएनएसची नोंद) त्याच आयपीवर जातोय ना, ते पाहा. जुन्या होस्टिंगचा चार ए वाला, म्हणजे आयपीव्ही६ चा, रेकॉर्ड मागे राहिलेला असेल तर तो काढून टाका. हा फार फसवा प्रकार आहे: तुमच्याकडे साइट व्यवस्थित उघडते, पण सर्टिफिकेट देणारी संस्था आयपीव्ही६ ने जुन्याच सर्व्हरवर जाऊन थडकते. डोमेन .भारत असेल तर पॅनेलमध्ये ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत दिसेल; दचकू नका.

मग ऑटोएसएसएल चालवा

‘सिक्युरिटी’ विभागातलं ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ उघडा, नावं निवडा आणि ‘रन ऑटोएसएसएल’ दाबा. काही मिनिटांनी पान पुन्हा उघडलं की हिरवी कुलपं दिसायला हवीत.

लाल राहिलेल्या नावाखालचा मजकूर नीट वाचा, उत्तर तिथेच असतं. पडताळणीसाठी तात्पुरती फाइल मागितली आणि सर्व्हरने ४०४ (सापडली नाही) दिलं, असं म्हटलं असेल, तर डोमेन दुसरीकडे जातंय किंवा एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधला एखादा नियम ती फाइल जिथे असते त्या ‘डॉट वेल-नोन’ फोल्डरची वाट अडवतोय. सीएए रेकॉर्डचा (डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) उल्लेख असेल, तर त्यात परवानगी असलेल्या संस्थांमध्ये तुम्हाला सर्टिफिकेट देणारी संस्था जोडा. ईमेल गूगलकडे असेल, तर ‘मेल’ हे सबडोमेन तुमच्या सर्व्हरवर येत नसल्यामुळे ते लालच राहतं. ते सरळ ‘एक्सक्लूड’ करा, नाहीतर दर वेळी तीच तक्रार ईमेलने येत राहते.

कारण न शोधता बटण दाबत बसू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था एका नावाला तासाभरात पाच अपयशी पडताळण्यांनंतर थांबवते.

रिडायरेक्ट शेवटी

सगळी हवी ती नावं हिरवी झाल्यावरच ‘डोमेन्स’ पानावर ‘फोर्स एचटीटीपीएस रिडायरेक्ट’ चालू करा, म्हणजे साध्या एचटीटीपीवर आलेला माणूस आपोआप सुरक्षित एचटीटीपीएसवर जातो. क्लाउडफ्लेअर (साइट आणि वाचक यांच्यामध्ये बसणारी सेवा) वापरत असाल तर तिथला मोड ‘फुल (स्ट्रिक्ट)’ ठेवा. ‘फ्लेक्सिबल’वर हा रिडायरेक्ट गोल गोल फिरत राहतो आणि साइट उघडतच नाही.

मुदतीवर लक्ष

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि मुदतीची आठवण करून देणाऱ्या त्यांच्या ईमेल जून २०२५ मध्ये बंद झाल्या. विकतच्या सर्टिफिकेटांचीही कमाल मुदत घटत चालली आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. पाच डोमेनना इतक्या वेळा हाताने सर्टिफिकेट चढवायचं कुणी? होस्टिंग कंपनी फुकट एसएसएल देत नसेल, तर माझ्या मते कंपनीच बदललेली बरी. आपोआप नूतनीकरण असलं तरी महिन्यातून एकदा ‘स्टेटस’ पान उघडून तारखांवर नजर टाका.

होस्टिंग बदलताना एक अडचण येते: डीएनएस वळवल्याशिवाय नव्या सर्व्हरवर ऑटोएसएसएल चालत नाही, आणि वळवलं की सर्टिफिकेट मिळेपर्यंत लोकांना इशारा दिसतो. त्यासाठी जुन्या पॅनेलच्या ‘एसएसएल/टीएलएस’मधून सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली) उतरवून घ्या, नव्या पॅनेलमध्ये ‘मॅनेज एसएसएल साइट्स’मध्ये चढवा आणि मगच डीएनएस बदला. प्रायव्हेट की मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका.